घरून जाहिरातीचा मजकूर लिहिताना तास कुठे जातात आणि आपली आवड कुठे ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकला घरून मराठी जाहिरातींचा मजकूर, म्हणजे कॉपी, लिहिता, वर्ष झालं. सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत लॅपटॉपपुढे असता, तरी दिवसाला एखादंच काम हातावेगळं होतं. जुनी माणसं दिवस कसा लावतात, रोज किती लिहितात, काय वापरतात? आणि जाता जाता विचारलंय की मला सगळ्यात आवडलेली ओळच क्लायंट दरवेळी उडवतो, मग स्वतःची आवड कामात आणायचीच नाही का?

वेळापत्रक सांगते, पण नुसत्या वेळापत्रकाने तुमचं काम हलकं होणार नाही. तेरा तास कुणी लिहीत नाही. त्यातले बरेच तास माहितीची वाट बघण्यात, अर्ध्या माहितीवर लिहिलेलं पुन्हा लिहिण्यात आणि तुकड्या-तुकड्याने येणाऱ्या दुरुस्त्यांत जात असणार. आवडीचा प्रश्नही याच्याच पोटातला आहे. हातात माहिती नसली की ओळ भरायला आपली आवडच उरते. क्लायंट ती ओळ उडवतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं, फक्त का ते त्याला सांगता येत नाही.

एक गोष्ट आधी मान्य करते. काम एजन्सीकडून येत असेल तर पुढचं निम्मं तुमच्या हातात नाही. तिथे माहिती गोळा करणारा वेगळा, क्लायंटशी बोलणारा वेगळा. मी जे सांगतेय ते थेट दुकानदार, बिल्डर, कारखानदार, शेतीमालवाले यांचं काम घेणाऱ्यांसाठी.

मजकुराला हात लावण्याआधी मी पाऊण तासाचं एक बोलणं ठेवते, समोर बसून किंवा फोनवर. व्हॉट्सॲपवर प्रश्नांची यादी पाठवली तर "बेस्ट क्वालिटी, रिझनेबल रेट" एवढंच परत येतं. बोलायला लागला की तोच माणूस तपशील सांगतो. प्रश्न साधे असतात. गिऱ्हाईक आत आल्यावर पहिल्यांदा काय विचारतं? भाव ऐकून परत फिरणारे कुणाकडे जातात? पैसे कोण देतं आणि ठरवतं कोण? मागच्या हंगामात माल परत आला तो कशामुळे? जाहिरात नेमकी कुठे दिसणार? आणि मजकूर पास कोण करणार? हा शेवटचा प्रश्न राहिला की गाडी अडते. मालक हो म्हणतो, मग त्याचा मुलगा वाचतो, मग भागीदार, मग सीए असलेले मेहुणे. पास करणाऱ्या एकाच माणसाचं नाव पहिल्या दिवशी लिहून घ्या.

मग चौकशीसाठी आलेले गिऱ्हाइकांचे मेसेज मागायचे, नाव-नंबर झाकून. गुगलवरचे रिव्ह्यूही वाचायचे. पाच स्टारवाले "मस्त" म्हणून जातात, एक स्टारवाले रागात असतात. तीन स्टार देणारा माणूस काय आवडलं आणि काय खटकलं, दोन्ही लिहितो. मथळा बहुतेक तिथेच सापडतो.

धंद्याप्रमाणे विचारायचं काय, हे बदलतं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदारासाठी खताचं पत्रक लिहायचं असेल तर तारखा लिहू नका. बागायतदार दिवस छाटणीपासून मोजतो. "छाटणीनंतर चाळिसाव्या दिवशी" म्हटलं की त्याला लगेच कळतं. "१५ नोव्हेंबरला" म्हटलं तर शेजारच्या दोन बागांनाही ते सारखं लागू होत नाही. वर्षात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन वेळा असतात, म्हणून पत्रकाचा मजकूर त्या-त्या छाटणीच्या महिनाभर आधी छपाईला गेला पाहिजे. कीटकनाशक किंवा बुरशीनाशक असेल तर डब्यावरचं लेबल मागून घ्या. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली ज्या पिकासाठी आणि ज्या किडी-रोगासाठी नोंदणी झाली आहे, तेवढंच लिहायचं. "सर्व पिकांवर चालतं" हे विक्रेत्याच्या तोंडी असतं, लेबलवर नसतं.

सातपूर-अंबडच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्याचं ब्रोशर याच्या अगदी उलट. तिथे वाचणारा खरेदी विभागातला माणूस असतो आणि तो आधी मशीनची यादी बघतो: किती व्हीएमसी (उभ्या मिलिंग मशीन), किती सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीन), बेडचा साइज काय, टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) किती धरता, मोजायला सीएमएम हे यंत्र आहे का, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे का. "गुणवत्ता हाच आमचा ध्यास" त्याने कधीच वाचलेलं नसतं. या कामात लेखकाचे सहा तास असतील तर चार क्वालिटीवाल्या माणसाबरोबर आकडे पक्के करण्यात जातात, आणि ते तसेच जायला हवेत.

हे सगळं मी एका कागदावर तीन रकान्यांत उतरवते: दावा, पुरावा, कुठे छापायचं. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला तर तो दावा मजकुरात जात नाही. हे नीतीपेक्षा वेळेसाठी करते, कारण पुरावा नसलेली ओळ शेवटच्या क्षणी कुणीतरी काढायला लावतंच. आपल्याकडे वारंवार लागणारे नियम तोंडपाठ असू द्या. गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही. औषधाच्या जाहिरातीत मधुमेह बरा होतो असं १९५४च्या जादूई उपचारांविरुद्धच्या कायद्याने लिहिता येत नाही, मग क्लायंट कितीही आयुर्वेदाचार्य असो. खाद्यपदार्थात "नैसर्गिक", "ताजं", "पारंपरिक" या शब्दांना एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांत अटी आहेत. चिवडा-पापडवाल्यांना हे माहीतच नसतं, तुम्ही सांगा. टीव्हीवर मद्याची जाहिरात चालत नाही, त्यामुळे वायनरीचं काम आलं तर बाग बघायला येणं, जेवण, राहणं यावर लिहिता येईल का ते आधी विचारून घ्यायचं आणि क्लायंटच्या वकिलाकडून मजकूर तपासून घ्यायचा. २०२६-२७च्या सिंहस्थासाठी हॉटेलवाले आत्तापासून मजकूर मागतील. "रामकुंडापासून पाच मिनिटं" लिहू नका. पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि पाच मिनिटांची जबाबदारी कुणीच घेत नाही. किलोमीटर लिहा आणि ते चालतचं अंतर आहे हे सांगा.

आता वेळापत्रक. नवीन लिहिणं सकाळी, एका बैठकीत दोन-अडीच तास, त्याहून जास्त नाही. त्यानंतर ओळी येतात, पण त्या कालच्याच ओळी असतात. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. दुकानदाराला साडेअकरानंतर फोन करा. त्याआधी त्याची झाडझूड, पूजा, बोहनी चाललेली असते, आणि दुपारी दोन ते चार तो जेवून आडवा झालेला असतो. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरू नका, विचारून घ्या. दुपार दुरुस्त्यांना आणि प्रुफाला. दुसऱ्याचं लिहिलेलं तपासायला डोकं ताजं नसलं तरी चालतं, नजर ताजी लागते. संध्याकाळचा अर्धा तास बिलं आणि उद्याच्या कामाची माहिती आली की नाही हे बघायला. माहिती आली नसेल तर उद्या सकाळी ते काम घ्यायचंच नाही, दुसरं घ्यायचं. एवढी एक शिस्त पाळली तरी तुमचे दोन-तीन तास वाचतील.

रोज किती शब्द, याला अर्थ नाही. रेडिओच्या तीस सेकंदांच्या स्पॉटमध्ये साठ-सत्तर मराठी शब्द बसतात. ते साठ शब्द म्हणजे पूर्ण दिवसाचं काम असू शकतं. म्हणूनच शब्दावर दर लावू नका. महिन्याचे पंचवीस दिवस गुणिले आठ तास असा हिशेब करून दर काढणारे फसतात, कारण त्यातले विकले जाणारे तास निम्म्याहून कमीच असतात. बाकीचे फोन, प्रवास, बिलं आणि जी कामं मिळाली नाहीत त्यांची कोटेशनं यांत जातात. ऐंशी-नव्वद तास धरून घर चालेल असा ताशी आकडा काढा आणि त्यावरून कामाचा ठोक दर सांगा.

लिहायला बसल्यावर मी मथळे आधी लिहिते, पंचवीसेक. पहिले दहा कुणालाही सुचणारे असतात. अलीकडे ते दहा मी एआयकडून मागवते आणि "हे टाळायचे" म्हणून बाजूला लावून ठेवते. त्या कामाला ते यंत्र फार उपयोगी आहे. अठराव्या-विसाव्याच्या आसपास माहितीच्या कागदावरचा एखादा तपशील मथळ्यात शिरतो. मग अंगाचा मजकूर भराभर होतो. सगळं झालं की मोठ्याने वाचते. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडायचं. रेडिओचं असेल तर घड्याळ लावून दोनदा वाचायचं, दुसऱ्यांदा थोडं सावकाश, कारण निवेदक फोन नंबर दोनदा म्हणणार आहे.

आता आवडीकडे येते. माझ्या आवडी ठरलेल्या आहेत. विशेषणापेक्षा क्रियापद बरं. गोल शब्दापेक्षा आकडा बरा. उद्गारचिन्ह नको. "विश्वासाचं दुसरं नाव", "सर्व काही एकाच छताखाली", "आता आपल्या शहरात" यांचा कंटाळा आहे. पुणेरी पाटीची नक्कल तर नाशिकमध्ये नकोच. वाचायला मला वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, लिलावाच्या नोटिसा आणि स्थळांच्या जाहिराती आवडतात. तिथे प्रत्येक शब्दाचे पैसे मोजलेले असतात. जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिरातीही चाळण्यासारख्या असतात. १८४०पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्याच गावात आहे, त्याचं सभासदत्व घ्या. पण या आवडींचं काम पुढे येतं, चार बरोबर ओळींतून एक निवडताना. ओळ बरोबर आहे की नाही, ते आवड ठरवत नाही.

यमकाचंच घ्या. मला यमक नावडतं. तरी निफाड-सिन्नरच्या आठवडे बाजारात भोंगा लावून फिरणाऱ्या रिक्षेसाठी मी यमकच लिहिते. गाडी पुढे जाते, एका माणसाच्या कानावर आठ-दहा सेकंद पडतात, त्यातले निम्मे शब्द गोंगाटात जातात. यमक असेल तर दुसऱ्या फेरीला तो उरलेलं स्वतः पुरं करतो. तीच ओळ कॉलेज रोडवरच्या दंतवैद्याच्या पत्रकात हास्यास्पद होईल. इंग्रजी शब्दांचंही तसंच. गिऱ्हाईक "बुकिंग" म्हणतं तिथे "आरक्षण" लिहून मराठीची सेवा होत नाही, फोन कमी येतात. सटाणा, कळवण, देवळ्याकडे अहिराणीत ओळ टाकायचा मोह होतो. ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाने वाचून हो म्हटल्याशिवाय टाकू नका. एक प्रत्यय चुकला तरी चेष्टा होते.

तुमच्या आवडत्या ओळीला पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. ती काढून टाकली तर वाचणाऱ्याची कुठली माहिती बुडते? दुकानाचं नाव बदलून समोरच्या दुकानाचं घातलं तरी ती खरीच राहते का? आणि काउंटरवरचा पोरगा ती न हसता गिऱ्हाइकाला म्हणू शकेल का? समजा गंगापूर रोडच्या पुढे मिसळीचं ठिकाण आहे. "परंपरेची झणझणीत ओळख" ही ओळ तिन्ही प्रश्नांत नापास होते. "पहिला रस्सा सकाळी साडेसातला. मागे चाळीस गाड्यांचं पार्किंग." हिच्यात कविता नाही, पण रविवारी सकाळी चार कुटुंबं घेऊन निघालेल्या माणसाला हेच हवं असतं. आवड दाखवायचीच असेल तर ती या दोन वाक्यांच्या क्रमात दाखवता येते: रस्सा आधी, पार्किंग नंतर.

अक्षरं मोजण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुरुस्त्यांचा मोठा वाटा इथून येतो. गुगलच्या सर्च जाहिरातीत मथळ्याला ३० आणि वर्णनाला ९० अशी मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. "द्राक्षबाग" दिसायला चार अक्षरं, मोजणीत दहा. म्हणजे मराठीत मथळ्याला तीन-चार शब्दच मिळतात, ते धरूनच लिहायला बसा. इंग्रजी मथळ्याचं भाषांतर तिथे कधीच मावत नाही. एसएमएसमध्ये इंग्रजीला १६० अक्षरं, मराठीला ७०. एकाहत्तरावं अक्षर आलं की दोन मेसेजचे पैसे लागतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७च बसतात. शिवाय व्यावसायिक एसएमएसचा साचा डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर साच्यापेक्षा मजकूर वेगळा गेला तर मेसेज अडतो, म्हणून भाव, तारीख, नाव या बदलत्या जागा सुरुवातीलाच ठरवा आणि दिवाळीचा साचा दसऱ्याआधी लावा.

छापखान्याचं दुखणं वेगळं. बऱ्याच ठिकाणी अजून कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या आणि जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. तुमचा युनिकोड मजकूर तिथे बदलून घेतला जातो आणि त्यात ठरावीक जागा मोडतात: रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, "ऱ्या"चा "र्या" होतो, "ॲ" आणि "ऑ" गायब होतात, "श्र" आणि "क्ष" सुटे पडतात. म्हणून मजकुराबरोबर त्याची पीडीएफ द्या, म्हणजे ऑपरेटरला कसं दिसायला हवं ते कळेल. प्रूफ आलं की आधी याच जागा बघा. त्याआधीही एक काम आहे: छापलेला फोन नंबर प्रुफावर बघून प्रत्यक्ष लावून बघायचा. क्यूआर कोड असेल तर स्क्रीनवर नको, छापील मापाच्या प्रिंटवर स्कॅन करा. फ्लेक्सवर सात-आठ शब्दांपलीकडे जाऊ नका. दहा फुटांवरून नीट वाचता यावं तर एक इंच उंचीचं अक्षर लागतं, हा ढोबळ हिशेब. देवनागरीत वरखालच्या मात्रांना जागा जाते, तेव्हा त्याहून मोठंच घ्या आणि दोन ओळींत अंतर सैल ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

साधनांचं चटकन सांगते. टायपिंगला इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिका, विंडोजमध्ये असतोच. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारे कीबोर्ड अंदाजाने शब्द बदलतात आणि ती चूक वाचताना दिसत नाही. बोलून टाइप करणं पहिल्या कच्च्या मजकुराला चांगलं, विरामचिन्हं नंतर घालायची. बाकी पेन, वही, चहा, गाणी जे हवं ते ठेवा.

दुरुस्त्यांचा नियम कोटेशनमध्येच लिहा: दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या सूचना मिळून एकच यादी, पास करणाऱ्या माणसाकडून. व्हॉइस नोट आली तर ती ऐकून मुद्दे लिहून काढा, "हे एवढं बदलायचं, बरोबर ना?" म्हणून पाठवा आणि हो आल्यावरच फाइल उघडा. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्तीचा आकडा घाला. "फायनल" हा शब्द फाइलच्या नावात कधीच नको. "जरा पंच येत नाहीये" अशी सूचना आली तर नवीन ओळी लिहायला धावू नका. कुठली ओळ वाचताना असं वाटलं, तेवढं विचारा. बहुतेक वेळा भाव लिहिलेला नसतो, किंवा नाव लहान दिसत असतं.

पैशांचं. निम्मे आगाऊ, उरलेले मजकूर पास झाल्यावर. "छापून आल्यावर" अशी अट मान्य करू नका, छपाई तुमच्या हातात नाही. कंपनी क्लायंट सर्वसाधारणपणे दहा टक्के टीडीएस कापेल, तो तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का ते आयकर खात्याच्या पोर्टलवर तपासत राहा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, मात्र करून घ्या, फुकट आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याने छोट्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. बिलाच्या खाली उद्यम क्रमांक छापला की मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला ते आपोआप दिसतं.

सध्या जी कामं "बघून सांगतो" म्हणून लटकली आहेत, त्या प्रत्येकाला उद्या एकच मेल पाठवा: सोबत शेवटची आवृत्ती, पुढच्या शुक्रवारपर्यंत दुरुस्त्यांची एकच यादी पाठवावी, तोपर्यंत काही आलं नाही तर हा मजकूर मान्य समजून शनिवारी उरलेलं बिल पाठवेन, आणि त्यानंतरचे बदल नवीन काम धरले जातील. मेलबरोबर व्हॉट्सॲपवर त्याची सूचनाही द्या, कारण मेल उघडलाच नाही हे उत्तर ठरलेलं असतं.